निबेचं काळं तोंड

तडतड्यांनी त्या दिवशी सकाळी एवढंच ठरवलं होतं की निब धुवायची. राजीनामा द्यायचं ठरवलं नव्हतं (तो तर ते दर सोमवारीच द्यायचे, मनातल्या मनात), शेजाऱ्यांशी भांडायचं ठरवलं नव्हतं, आणि घरातल्या कुणाचं तोंड काळं करायचा तर विचारही डोक्यात नव्हता. फाउंटन पेनची एक निब पेलाभर पाण्यात बुडवायची, आंघोळ करायची, निब पुसायची आणि लिहायला बसायचं. इतक्या साध्या बेतातून पुढं जे निघालं ते बघता, माणसानं आयुष्यात काही धुवूच नये असं त्यांचं आता ठाम मत झालं आहे.

तडतडे हे त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं ते नाव, आणि ठेवताना त्यांना फारसा विचार करावा लागला नसणार. पंखा हळू फिरला की तडतड्यांना राग यायचा आणि जोरात फिरला की कागद उडतात म्हणून राग यायचा. एका कॉलेजच्या ऑफिसात एकवीस वर्षं ते पदवीच्या प्रमाणपत्रांवर विद्यार्थ्यांची नावं लिहायचे. हातानं, फाउंटन पेननं, श्वास रोखून. गेल्या वर्षी ऑफिसात छपाईचं मशीन आलं. ते मशीन मिनिटाला चाळीस नावं लिहितं आणि त्यातली काही बरोबरही असतात. तडतड्यांना आवक-जावकला बसवलं. तिथं ते पाकिटांवर शिक्के मारतात, आणि इतक्या जोरात मारतात की खालच्या मजल्यावरची माणसं मान वर करून छताकडे बघतात.

अशा माणसाच्या घरात सासरे राहायला असावेत, आणि ते सासरे शाळेत सदतीस वर्षं सुलेखन शिकवलेले मास्तर असावेत, हा योगायोग कुणी घडवून आणला ते कळत नाही. त्यांना सगळे आप्पा म्हणत. लग्न ठरल्यावर तडतड्यांनी होणाऱ्या सासऱ्यांना आठवडाभर खपून एक चार पानी पत्र लिहिलं होतं. उलट टपाली तेच पत्र परत आलं. जागोजागी तांबड्या शाईच्या खुणा होत्या आणि खाली एकच ओळ होती: ‘पत्र पोचलं. ‘र’ लंगडा आहे.’

त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत आप्पांनी जावयाच्या वेळेवर घरी येण्याचं कौतुक केलं, त्याच्या निर्व्यसनीपणाचं केलं, एकदा तर नळाचा वायसर बदलल्याचंही केलं. पण अक्षराबद्दल एक शब्द नाही. बाकी साऱ्या जगानं तडतड्यांचं अक्षर वाखाणलं होतं. त्यांना मात्र ‘छान’ ही दोन अक्षरं त्याच एका तोंडातून ऐकायची होती. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि न सांगता कुणाला कळलं नाही याचाही त्यांना राग होता.

आणि आता संधी चालून आली होती. आप्पांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून शाळेनं त्यांचा सत्कार ठेवला. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, “मानपत्र हातानंच लिहिलेलं हवं हं. आणि ते जावयाशिवाय कोण लिहिणार?” तडतडे महिनाभर सराव करत होते. ‘र’ तर त्यांनी दोन वह्या भरून काढला होता. आता तो लंगडत नव्हता, चांगला धावत होता.

त्यासाठीच त्यांनी काळी निब मागवली. पिवळ्या निबेवर टेबललॅम्पचा उजेड पडतो, तो डोळ्यांत चमकतो आणि नेमका वेलांटीच्या वळणावर घात होतो. काळी निब चमकत नाही. सोबत आलेल्या कागदावर ‘अतिकठीण काळा लेप, आयुष्यभर टिकणार’ असं छापलं होतं. (कुणाच्या आयुष्यभर, ते छापलं नव्हतं.) तडतड्यांनी निब मोठ्या अभिमानानं आप्पांना दाखवली. आप्पांनी ती भिंगाखाली धरली.

“जळली का?” त्यांनी विचारलं.

“जळली नाही, आप्पा. कोटिंग आहे ते. काळं कोटिंग.”

“हं,” आप्पा म्हणाले. “जळलेलीच दिसते.”

सत्काराचा दिवस उजाडला. आप्पांनी सकाळपासूनच तयारी आरंभली होती. कोट उन्हात टाकला, बुटांना पॉलिश केलं, कवळी धुण्याच्या पाण्यात नवी गोळी टाकली, आणि भाषणासाठी आवाज जपायचा म्हणून संध्याकाळी पाचपर्यंत मौन धरलं. घरात त्यामुळे शांतता होती. ती तडतड्यांना फार वेळ सहन झाली नाही. पेपरातल्या एका जाहिरातीत ‘हार्दीक’ असं छापलेलं त्यांनी बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर आपटला. चष्म्याची काडी मोडली. दीर्घ वेलांटी तशीच राहिली.

तेव्हा बिनचष्म्याचे तडतडे बेसिनपाशी गेले. स्टीलच्या एका पेल्यात त्यांनी पाणी भरून फळीवर ठेवलं. निब त्यात टाकणार तेवढ्यात दाराची बेल वाजली. गॅसवाला होता आणि त्याला शेजारचं घर हवं होतं. बेल कशासाठी असते, माणसानं पाटी का वाचावी, आणि हल्ली पाट्या वाचण्यासारख्या अक्षरात का नसतात, हे त्याला दहा मिनिटं सुनावून तडतडे परत आले आणि निब पेल्यात सोडली. पेल्यातून फस्स असा आवाज आला. तडतड्यांना बरं वाटलं. सगळी जुनी शाई सुटत असणार, असं म्हणून ते आंघोळीला गेले.

आंघोळ झाली, त्यातला थोडा वेळ बेंबीच्या देठापासून गाण्यातही गेला. मग त्यांनी पेला उचलून बोटांच्या फटीतून सावकाश ओतला. निळंकाळं पाणी वाहून गेलं, तळहातावर निब उरली आणि तडतड्यांनी ती डोळ्यांना टेकेल इतकी जवळ धरली.

निब पांढरी होती.

“माझ्या निबेला कुणी हात लावला?”

ही आरोळी इतकी मोठी होती की शेजारी पोचलेला गॅसवाला सिलिंडर तिथंच ठेवून निघून गेला.

“कुठली निब?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “ती काळी?”

“काळी होती! आता बघ. पांढरीफटक पडलीय!”

बायको हात पुसत आली. तिनं निब बघितली. “मग बरी दिसतेय की. स्वच्छ.”

‘स्वच्छ’ हा शब्द तिनं उच्चारायला नको होता. त्या घरात दोन महिन्यांपूर्वी त्याच शब्दावरून चार दिवस अबोला झाला होता. तडतड्यांनी एका रविवारी मदत करण्याच्या भरात बायकोचा नवा नॉनस्टिक पॅन तारेच्या घासणीनं घासला होता. दीड तास घासला, लखलखीत केला आणि तिच्यापुढं धरून म्हणाले होते, “बघ, कसा स्वच्छ झाला. केवढी काजळी साचली होती.” ती काजळी नव्हती. ते कोटिंग होतं. तेव्हापासून घरातलं प्रत्येक अंडं पॅनला चिकटतं आणि चिकटलेला भाग तडतड्यांच्या ताटात येतो.

“अस्सं!” तडतडे म्हणाले. “हा पॅनचा सूड आहे तर!”

“मी तुमच्या निबेला हात लावलेला नाही.”

“मग कोटिंग काय पायांनी चालत गेलं? आयुष्यभराचं कोटिंग होतं!”

“सूड घ्यायचा असता ना,” बायको म्हणाली, “तर तारेच्या घासणीनं निब नसती घासली. तुम्हाला घासलं असतं.”

“कबूल केलंस!”

“काय कबूल केलं?”

“मनात होतं हे कबूल केलंस!”

आता बायकोलाही राग आला, आणि तिचा राग तडतड्यांसारखा रोजचा नव्हता. ती आवाज न चढवता बोलली. “बावीस वर्षं तुमच्या पेनांच्या डबीवरची धूळ मी श्वास रोखून झटकते. एकदाही एक पेन हललेलं नाही. आज माझ्या वडिलांचा दिवस आहे. एक दिवस, फक्त एक दिवस, या घरात दुसऱ्या कुणाचा असू द्या.”

खरं म्हणजे इथं गप्प बसायचं असतं. पण वडील हा शब्द त्यांच्या कानात अडकला होता.

“वडील!” ते ओरडले. “जळली का, म्हणाले होते!”

आप्पा त्यांच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले होते. तोंड घट्ट मिटलेलं.

“आप्पा, खरं सांगा. निब तुम्ही घासलीत ना?”

आप्पांनी मान हलवली. मग गळ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे मौन. मग तोंडाकडे बोट दाखवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि गालात जीभ फिरवली.

“वेडावून दाखवताय?” तडतड्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “ऐंशीव्या वर्षी?”

आप्पांनी कॅलेंडरचं जुनं पान ओढलं आणि त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘मी नाही. तोंड विचित्र लागतं आहे.’

लागणारच, तडतडे मनात म्हणाले. दुसऱ्याची निब घासणाऱ्याचं तोंड गोड कसं लागेल? लेखी बचावाला उत्तरही लेखीच द्यावं म्हणून त्यांनी आप्पांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: ‘खोटं बोलू नका.’

आप्पांनी ते वाचलं. खिशातून तांबडी पेन्सिल काढली, एका अक्षराभोवती गोल केला आणि समासात लिहिलं: ‘‘ख’ सुटला. ‘रवोटं’ वाचतो.’

यानंतर तडतडे घरात थांबले असते तर काहीतरी फुटलं असतं. ते निब रुमालात बांधून बाहेर पडले.

बाजारात एका जिन्याखाली पेनं दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. त्याला सगळे पेनांचा डॉक्टर म्हणत. त्यानं निब डोळ्याला भिंग लावून बघितली, उलटी केली, मग नाकाला लावली.

“कशानं धुतलीत?”

“पाण्यानं! मी पाण्यानंच धुतली. घरात कुणीतरी घासली.”

“घासली असती तर ओरखडे दिसले असते. ही घासलेली नाही, कशात तरी मुरवलेली आहे.” त्यानं पुन्हा हुंगलं. “पेपरमिंटचा वास येतोय.”

“निबेला कसला पेपरमिंट?” तडतडे कडाडले. “ते सोडा. आयुष्यभर टिकणारं कोटिंग होतं हे.”

“कोटिंग?” डॉक्टर हसला. तोंड भरून हसला, तडतड्यांना फार वाईट वाटेल असा हसला. “साहेब, खरा काळा मुलामा धातूचा असतो. तो निबेच्या अंगात बसतो, असा सुटत नाही. तुमच्या निबेला नुसता रंग फासला होता. साधी स्टीलची निब, तोंडाला काळं लावून विकली तुम्हाला.”

“म्हणजे मला फसवलं?”

“तुम्हालाही आणि निबेलाही. चिरेत रंग गेला होता, शाई धड उतरत नसणार. आता लिहून बघा.”

तडतड्यांनी लिहून बघितलं. निब लोण्यासारखी चालली. महिनाभर जो ‘र’ मनगट दुखेपर्यंत घोटला तो आपण होऊन कागदावर उतरला. याचाही तडतड्यांना राग आला. ज्यानं गुन्हा केला त्याचे आभार मानायची पाळी यावी, याहून मोठा अपमान नाही.

दुपारी घरी येऊन, काडीला चिकटपट्टी लावलेला चष्मा घालून (ती पट्टी बायकोनं न बोलता लावून ठेवली होती) त्यांनी मानपत्र लिहायला घेतलं. वेळ थोडा, कागद एकच आणि डोक्यात आग. पण हात विलक्षण चालला. ‘ज्यांच्या शुभ्र हास्यानं आमच्या पिढ्या उजळल्या’ ही ओळ लिहिताना त्यांनी दात ओठ खाल्ले, तरी वेलांटी कशी तलवारीसारखी आली. सव्वीस ओळी, एक खोड नाही. शेजारच्या खोलीत आप्पा तोंड मिटून, गालात जीभ फिरवत, कोट घालून बसून होते.

पाच वाजता शाळेचा हॉल भरला. तडतडे आणि बायको पहिल्या रांगेत बसले, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. ती बायकोनं सोडली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मानपत्र वाचलं, टाळ्या झाल्या, मग चौकट आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी खिशातून भिंग काढलं.

हॉल थांबला. आप्पा ओळीओळीनं वाचत होते. भिंग एका ‘र’वर थांबलं, तिथून हललं नाही, मग हललं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. आप्पांनी चौकट खाली ठेवली, जावयाकडे बघितलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडून हसले.

दात निळेकाळे होते. वरचे सगळे आणि खालचे सगळे. दौतीत बुडवून काढावेत तसे.

पहिल्या रांगेतून “अगंबाई!” असा आवाज आला. दुसऱ्या रांगेनं तो मागं पोचवला. ‘ज्यांच्या शुभ्र हास्यानं’ हे शब्द अजून लोकांच्या कानांत ताजे होते, त्यामुळे तिसऱ्या रांगेत हसू फुटलं आणि बघता बघता हॉलभर पसरलं. आप्पा बावरून इकडंतिकडं बघायला लागले. सदतीस वर्षं ज्या हॉलमध्ये त्यांच्यापुढं कुणी खोकलं नव्हतं, तिथं लोक त्यांना हसत होते.

बावीस वर्षं तडतड्यांना वाटायचं की या माणसाची एकदा तरी फजिती व्हावी. आता ती झाली आणि त्यांना ती बघवली नाही. ते ताडकन उठले.

“कोण हसतंय?” ते गरजले. “लाजा नाही वाटत? आणि ज्यानं कुणी हे केलं, तो नीच माणूस इथं बसला असेल तर त्यानं समोर यावं! माझ्या सासऱ्यांचं तोंड काळं करतो? ऐंशी वर्षांच्या माणसाच्या चांगल्या दिवशी? त्याला मी असा सोडणार नाही! कोण आहे तो?”

हॉल चिडीचूप झाला. कुणीतरी मागून टाळी वाजवली. बायकोनं बावीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडे कौतुकानं बघितलं.

दरम्यान आप्पांनी लोकांकडे पाठ करून कवळी रुमालात काढली होती. दिवसभर टाळूला टोचणारी ती वस्तू त्यांनी बोटांनी सोडवली आणि उजेडाकडे धरली. काळ्या रंगाचा एक पातळ पापुद्रा होता तो. पुढं टोक, मागं रुंद, आणि मधोमध एक गोल भोक. हुबेहूब निबेच्या आकाराचा.

“हावईबापू,” आप्पा म्हणाले. कवळी नसली की त्यांचे च, छ, ज आणि ल सगळे ह होऊन बाहेर पडत. “ही तुमही का?”

तडतड्यांना पेपरमिंट आठवला. मग फस्स आठवलं. मग बेसिनच्या फळीवरचे दोन पेले आठवले, एकासारखा एक: एकात नुसतं पाणी, आणि दुसऱ्यात आप्पांची कवळी, जी आंघोळीच्या वेळात आप्पांनी उचलली असणार.

“अहो,” बायको हळूच म्हणाली. कौतुक डोळ्यांतून कधीच निघून गेलं होतं. “तो नीच माणूस बसला तर बरं दिसेल.”

तडतडे बसले.

पण आप्पा मोठ्या मनाचे. त्यांनी पापुद्रा वरच्या खिशात ठेवला, माईक ओढला, मानपत्राकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात एकच वाक्य बोलले: “अक्षर हान!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तडतड्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

घरी येईपर्यंत रस्ताभर ते बोलत होते. “ऐकलंस ना? छान म्हणाले. सगळ्यांसमोर. माईकवर.”

“लहान म्हणाले,” बायको म्हणाली.

“छान!”

“लहान. आप्पांचा ल पण ह होतो. मी त्यांची मुलगी आहे, मला कळतं.”

“तुला पॅनचा राग आहे म्हणून तुला लहान ऐकू आलं!”

भांडण जिना चढून घरात आलं. कवळी पुन्हा गोळीच्या पाण्यात पडली होती, दोन दिवस तरी निघणार नव्हती. तेव्हा तडतड्यांनी कोरा कागद घेतला, तेच पेन, तीच पांढरी निब, आणि दोन्ही आप्पांपुढं ठेवलं.

“आप्पा, लिहूनच द्या. हॉलमध्ये काय म्हणालात?”

आप्पांनी पेन हातात तोललं, टोक कागदावर टेकवलं आणि लिहिलं: ‘छान’.

“बघ!” तडतड्यांनी कागद ओढून बायकोच्या नाकापुढं नाचवला. “बघ, बघ! छ आणि न! वाच! मोठ्यानं वाच!”

आप्पांनी त्यांची बाही ओढली. कागद परत मागितला. त्यांचं वाक्य अजून संपलं नव्हतं. तडतड्यांनी कागद दिला, आणि आप्पांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं ठेवत, ते पुरं केलं: ‘छान निब आहे. जळकी होती त्यापेक्षा. अक्षर लहान.’

तडतड्यांनी कागदाची चार वेळा घडी घातली. बायको आत गेली आणि स्टीलचे दोन पेले आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे घेऊन आली.

“एकावर ‘दात’ लिहा, एकावर ‘निब’,” ती म्हणाली. “आणि जरा मोठ्या अक्षरात.”